आधी माइक, मग परीक्षक

२४ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर दोन संशोधक गटांनी भेटायचं ठरवलं होतं. तिथल्या कुरिअरच्या काउंटरवरून दोघांनी आपापला शोधनिबंध एकाच वेळी ‘नेचर’कडे पाठवायचा, म्हणजे पहिला कोण यावरून भांडण नको. एक गट ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या स्टीव्हन जोन्स यांचा, दुसरा युटा विद्यापीठातल्या स्टॅनली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन यांचा. पण २३ तारखेलाच युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद बोलावली आणि जाहीर करून टाकलं, की सूर्याच्या पोटात चालणारी अणूंची जुळणी आम्ही टेबलावरच्या काचेच्या भांड्यात, साध्या तापमानाला घडवली आहे. जोन्स संतापले. त्यांनी विमानतळाची वाट सोडली आणि आपला निबंध फॅक्सने धाडून दिला.

शोधनिबंध छापण्याआधी त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तो वाचतात, शंका काढतात, पुरावे मागतात. हे तज्ज्ञ-परीक्षण, म्हणजेच पीअर रिव्ह्यू. ते उरकण्याआधी माइकसमोर जाण्याचा मोह जुना आहे, आणि त्याच्या कथा इतक्या रंगतदार आहेत की त्या एकत्र वाचायलाच हव्यात. काहींनी लाखो जीव वाचवले, काहींनी लोकांचे पैसे आणि वर्षं खाल्ली.

मेलेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न

पॉन्स-फ्लाइशमन यांचं उपकरण अगदी साधं होतं. जड पाणी भरलेलं भांडं, त्यात पॅलेडियम धातूची कांडी, तिच्याभोवती प्लॅटिनमची तार आणि वीजप्रवाह. दावा असा, की पॅलेडियममध्ये शिरलेले ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, अणू एकमेकांत मिसळतात आणि दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते. हे खरं ठरतं तर तेल, कोळसा, धरणं सगळ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागला असता. लंडनच्या ‘फायनान्शिअल टाइम्स’ने पत्रकार परिषदेच्या दिवशी सकाळीच बातमी छापली होती. पॅलेडियमचा भाव वधारला. युटा राज्याच्या विधिमंडळाने ५० लाख डॉलर मंजूर केले.

निबंध मात्र कुणाच्याच हातात नव्हता. मग एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी टीव्हीच्या बातमीची चित्रफीत मिळवली आणि तिच्यात ओझरता दिसणारा गॅमा किरणांचा आलेख अभ्यासला. इतर प्रयोगशाळांत वर्तमानपत्रातले फोटो पाहून भांड्याच्या मापाचा अंदाज बांधला जात होता. जगातल्या नामांकित शास्त्रज्ञांवर फोटो बघून प्रयोग रचायची वेळ यावी, यातच त्या घाईचा सगळा दोष दिसतो. एप्रिलमध्ये निबंध छापून आला, तर त्यात मार्व्हिन हॉकिन्स या विद्यार्थी सहकाऱ्याचं नावच राहून गेलं होतं. नंतर शुद्धिपत्रात ते घालावं लागलं. ‘नेचर’च्या परीक्षकांनी प्रश्न विचारले तेव्हा उत्तरं द्यायला वेळ नाही म्हणून दोघांनी तिथला निबंध मागे घेतला.

भौतिकशास्त्रज्ञांचा आक्षेप मात्र बिनतोड होता. अशा अभिक्रियेतून एवढी उष्णता निघत असेल, तर सोबत न्यूट्रॉनही निघायला हवेत, आणि तेही इतके की भांड्याशेजारी उभा राहिलेला माणूस वाचणार नाही. प्रयोगशाळेतली मुलं तर ठणठणीत होती! या आक्षेपाला अमेरिकेत नावच पडलं, ‘मेलेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न’. जॉर्जिया टेकच्या गटाने १० एप्रिलला न्यूट्रॉन सापडल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं. त्यांचा न्यूट्रॉनमापक न्यूट्रॉन नसतानाही नुसत्या उष्णतेने आकडे दाखवत होता.

मुंबईचंही यात नाव आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांनी हा विषय मनावर घेतला. केंद्राला जड पाण्याचा आणि ट्रिटियम मोजण्याचा दांडगा अनुभव होता. डझनभर गट कामाला लागले, न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मिळाल्याचं त्यांनी नोंदवलं आणि वर्षाअखेर सगळी मोजमापं एका जाडजूड अहवालात मांडली. जगाला ती पटली नाहीत, पण निदान तपासायला काहीतरी समोर ठेवलं गेलं. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने नोव्हेंबर १९८९ मध्ये हा पुरावा पटण्याजोगा नसल्याचं सांगितलं आणि युटातली खास उभारलेली संस्था १९९१ मध्ये बंद झाली.

शेरलॉकचा बाप बर्लिनमध्ये

क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख म्हणजे त्या काळचं वैद्यकातलं सर्वात मोठं नाव. ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी सांगितलं, की क्षयाच्या जंतूंची वाढ रोखणारा पदार्थ मला सापडला आहे. तो कशाचा बनलाय, हे मात्र त्यांनी गुलदस्त्यात ठेवलं. युरोपभरातून रुग्ण आणि डॉक्टर बर्लिनकडे धावले.

त्या गर्दीत इंग्लंडहून आलेला एक तरुण डॉक्टर होता, आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सच्या दोन कादंबऱ्या त्याच्या नावावर तोवर जमा होत्या. प्रात्यक्षिकाच्या व्याख्यानाला त्याला आत जाता आलं नाही, तेव्हा एका अमेरिकी डॉक्टरने आपली टिपणं त्याला दिली आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात नेऊन रुग्णही दाखवले. कॉख यांच्या घरी त्याने पाहिलं, की टपालाचं अख्खं पोतं जमिनीवर रिकामं केलं जातंय. सगळी पत्रं औषधाची याचना करणारी. डॉयलने इंग्लंडच्या वाचकांना लगेच सावध केलं. हे औषध जंतूला मारत नाही, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका. जग कॉख यांच्या नावाने भारावलेलं असताना डॉयलने रुग्णांकडे बघून मत बनवलं, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

जानेवारी १८९१ मध्ये कॉख यांनी गुपित फोडलं. तो पदार्थ, म्हणजे ट्यूबरक्युलिन, हा क्षयाच्याच जंतूंचा ग्लिसरीनमधला अर्क. त्याच महिन्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी हे इंजेक्शन घेऊन दगावलेल्या २१ जणांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले, आणि औषध म्हणून ट्यूबरक्युलिनची हवा गेली. निदानासाठी मात्र ते टिकलं. क्षयाची लागण तपासायला हातावर टोचून फुगवटा मोजण्याची माँटू चाचणी आपल्याकडे आजही करतात, ती याच पदार्थाच्या शुद्ध रूपाने.

याच्या उलट उदाहरण पाच वर्षांनंतरचं. विल्हेल्म राँटगेन यांनी १ जानेवारी १८९६ ला क्ष-किरणांवरचा निबंध आणि पत्नीच्या हाताच्या हाडांचा फोटो ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवले. ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या ‘डी प्रेसे’मध्ये पहिल्या पानावर बातमी! कोणी परीक्षण केलं नव्हतं, पण पद्धत लिहिलेली होती आणि हे किरण काढायला लागणारी नळी अनेक प्रयोगशाळांत पडून होती. ज्याला शंका आली त्याने आपल्याच खोलीत आपल्याच हाताची हाडं पाहिली.

सकाळी अहवाल, संध्याकाळी परवाना

१२ एप्रिल १९५५. मिशिगन विद्यापीठातल्या सभागृहात थॉमस फ्रान्सिस पोलिओच्या साल्क लशीच्या चाचणीचा निकाल सांगणार होते. १८ लाख मुलांची चाचणी, आणि कोणत्याही नियतकालिकात एक अक्षर छापलेलं नाही. अहवालाचे गठ्ठे ढकलगाडीवरून वर आले तशी वार्ताहरांची झुंबड उडाली. शेवटी वाटणाऱ्यांनी प्रती गर्दीत भिरकावल्या. लस सुरक्षित आहे, परिणामकारक आहे. अमेरिकेत चर्चच्या घंटा वाजल्या, लोक रस्त्यात रडले.

निकाल खराच होता. घाई पुढे झाली. त्याच दिवशी काही तासांच्या बैठकीत सरकारने कंपन्यांना परवाने दिले. कॅलिफोर्नियातल्या कटर कंपनीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेला होता. सुमारे २०० जण, त्यात बहुतेक मुलं, लुळे झाले आणि १० जणांचा जीव गेला. चाचणीतली लस आणि कारखान्यातून घाऊक निघणारी लस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विचारायला त्या संध्याकाळी कोणी थांबलं नाही.

एड्सच्या बाबतीत फक्त आशा फुगली. २३ एप्रिल १९८४ ला अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी पत्रकारांना रोगाचा विषाणू सापडल्याचं सांगितलं. शोधनिबंध छापून यायला अजून काही दिवस होते. त्याच दमात त्या म्हणाल्या, दोनेक वर्षांत लस चाचणीला तयार होईल अशी आशा आहे. चाळीस वर्षं उलटली. एड्सची लस अजून बाजारात आलेली नाही.

असल्या घाईला वेसण घालणारा नियम १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रान्झ इंगलफिंगर यांनी केला. ज्या संशोधनाची बातमी आधीच वर्तमानपत्रांत आली, ते आम्ही छापणार नाही! संशोधकाला छापून येण्याची गरज असते, त्यामुळे हा नियम चांगलाच चालला. सार्वजनिक आरोग्याची निकड असेल तर मात्र सूट मिळते, आणि ती असायलाच हवी.

नसलेला बोगदा

सप्टेंबर २०११. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो कण सुमारे ७३० किलोमीटर जमिनीखालून जाऊन इटलीतल्या ग्रान सास्सो इथे प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचताहेत, असं ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या गटाने जाहीर केलं. आइन्स्टाइन चुकला, असे मथळे जगभर झळकले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जिम अल-खलीली यांनी सांगून टाकलं, हे खरं निघालं तर मी टीव्हीवर माझी चड्डी खाऊन दाखवीन.

पण सगळ्यात मोठी करमणूक केली इटलीच्या शिक्षणमंत्र्यांच्या कार्यालयाने. अभिनंदनाच्या पत्रकात त्यांनी लिहिलं, की सर्न ते ग्रान सास्सो हा बोगदा बांधायला इटलीने साडेचार कोटी युरो दिले आहेत. असा बोगदाच नाही! न्यूट्रिनो खडकातून आरपार जातात, त्यांना वाट खणून द्यावी लागत नाही.

दोष शेवटी एका नीट न बसलेल्या ऑप्टिकल फायबरच्या जोडणीत सापडला. जीपीएसकडून येणारा वेळेचा संदेश त्यामुळे उशिरा पोचत होता. मार्च २०१२ मध्ये गटप्रमुख अँतोनिओ एरेदितातो यांनी पद सोडलं. मला यात त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांनी आइन्स्टाइनला हरवल्याचा दावा केला नव्हता. महिनोन्‌महिने शोधूनही आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असं म्हणत त्यांनी मोजणीचा सगळा तपशील जगापुढे ठेवला. गाजावाजा मथळ्यांनी केला.

त्याच वर्षी सर्नने ४ जुलैला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं जाहीर केलं, तेही निबंध छापून येण्याआधी. आदल्या संध्याकाळी एका प्रयोगाच्या प्रमुखांचा व्हिडिओ चुकून संकेतस्थळावर चढला आणि बातमी फुटली. दुसऱ्या प्रयोगाच्या प्रमुख फाबिओला जानोत्ती यांनी विश्वाच्या रचनेचा हा पुरावा ‘कॉमिक सॅन्स’ या बालिश वळणाच्या टाइपात दाखवला, त्यावर लोकांनी त्यांना फार छळलं. शोध टिकला, कारण अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी आकडे एकमेकांपासून लपवून, स्वतंत्रपणे, तेच उत्तर काढलं होतं. सीएमएसमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वाटा होता.

आइन्स्टाइनला राग आला

परीक्षणाचा राग खुद्द आइन्स्टाइनलाही आला होता. १९३६ मध्ये नेथन रोझेन यांच्यासोबत त्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ला एक निबंध पाठवला. निष्कर्ष असा, की गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत. संपादकांनी तो परीक्षकाकडे धाडला. परीक्षकाने पानंच्या पानं शंका काढल्या. आइन्स्टाइननी उलट टपाली कळवलं, की छापण्याआधी तो कुणाला दाखवायची परवानगी आम्ही दिली नव्हती, आणि निबंध परत घेतला. पुढे चूक त्यांच्या लक्षात आणून दिली गेली, तीही त्याच परीक्षकाच्या, हॉवर्ड रॉबर्टसन यांच्या, मदतीने. त्यांनी निष्कर्ष बदलून निबंध दुसरीकडे छापला. म्हणजे गुरुत्वीय लहरी नाहीत असं आइन्स्टाइनच्या नावावर लागायचं राहिलं ते परीक्षकामुळे!

या लहरींची पुढची कहाणी दोन भागांत आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावी. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या ‘बायसेप-२’ दुर्बिणीच्या गटाने हार्वर्डमध्ये पत्रकार परिषद घेतली. विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा मिळाला म्हणे. गटातले एक शास्त्रज्ञ, अशा लहरींचं भाकीत करणारा सिद्धांत मांडणाऱ्या आंद्रेई लिंडे यांच्या दारात जाऊन बातमी सांगतात, लिंडे थक्क होतात, शॅम्पेन उघडते, असा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. त्याच व्हिडिओत लिंडे विचारतात, हे सुंदर आहे म्हणूनच तर मी यावर विश्वास ठेवत नाही ना? त्यांची शंका बरोबर निघाली. आपल्या आकाशगंगेतली धूळ तसाच ठसा उमटवते. जानेवारी २०१५ मध्ये ‘प्लँक’ उपग्रहाच्या आकड्यांशी पडताळा झाला आणि दावा धुळीत मिळाला.

आता ‘लायगो’, गुरुत्वीय लहरी टिपायला उभारलेली अमेरिकेतली वेधशाळा. तिथल्या व्यवस्थापनाने सप्टेंबर २०१० मध्ये यंत्रात गुपचूप एक खोटा संकेत सोडला, आपलीच माणसं गडबडतात का हे पाहायला. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने आकडेमोड केली, निबंध लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर गुपिताचा बंद लिफाफा उघडला, तेव्हा कळलं की संकेत बनावट होता. इतकी कठोर तालीम दुसऱ्या कुणी केल्याचं मी वाचलेलं नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला खरा संकेत आला तेव्हा पहिला प्रश्न हाच, लिफाफा कुठाय? लिफाफा नव्हता. तरीही गटातल्या हजारावर लोकांनी पाच महिने तोंड उघडलं नाही. अफवा ट्विटरवर फिरत राहिल्या. निबंध परीक्षकांकडून पार पडला, आणि मगच ११ फेब्रुवारी २०१६ ला वॉशिंग्टनमध्ये घोषणा झाली. कुठे छापला? त्याच ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या ‘लेटर्स’मध्ये.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतही त्या संध्याकाळी आनंदाला उधाण आलं. गोंगाटातून असा क्षीण संकेत ओळखायच्या गणिती पद्धतीवर संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे नव्वदच्या दशकापासून काम केलं होतं. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले.

तीनच नावं का?

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने साध्या तापमानाला, साध्या दाबाला चालणारा अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणारा पदार्थ, सापडल्याचा प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीचा निबंध, इंटरनेटवर टाकला. नाव एलके-९९, ली आणि किम यांची आद्याक्षरं आणि १९९९ साल. काही तासांत त्याच पदार्थावर दुसरा निबंध आला. पहिल्यावर तीन नावं, दुसऱ्यावर सहा. नोबेल एका विषयात तिघांपेक्षा जास्त लोकांना देत नाहीत, हे जाणकारांच्या लगेच ध्यानात आलं. पहिला निबंध इतरांना न विचारता चढवला गेल्याचंही नंतर उघड झालं. जगभरातले लोक भट्ट्या पेटवून बसले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही पदार्थ बनवून पाहिला, अतिवाहकता दिसली नाही. ऑगस्ट सरता सरता कोडं सुटलं. पदार्थात कॉपर सल्फाइडची भेसळ होती आणि त्याच्या रूपबदलामुळे विजेचा रोध एकदम घसरत होता. जे काम १९८९ मध्ये सात-आठ महिने चाललं, ते इथे महिन्याभरात आटोपलं, कारण कृती सगळ्यांच्या हातात होती.

एक गोळी, एक महिना

कोविडमध्ये तर रोज एक पत्रकार परिषद. ३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या काही संशोधकांनी नव्या विषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे आढळल्याचा प्रीप्रिंट टाकला. जाणकारांनी दाखवून दिलं, की एवढे छोटे तुकडे कितीतरी जीवांत सापडतात. दोन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. अफवा मात्र पुढे कितीतरी महिने व्हॉट्सअ‍ॅपवर जिवंत होती.

१६ जून २०२० ला ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने, प्रीप्रिंटही नसताना, नुसत्या पत्रकातून सांगितलं की डेक्सामेथासोन दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारं, जुनं, स्वस्त स्टेरॉइड. ब्रिटनने त्याच दिवशी ते वापरात आणलं, भारताच्या उपचारसूचनांत ते त्याच महिन्यात आलं. निबंध छापून आला १७ जुलैला. मधल्या एका महिन्यात जगभर किती व्हेंटिलेटर चालू होते याचा विचार करा. इथे गप्प बसणं गुन्हा ठरला असता. आणि प्रीप्रिंटही आठवड्याभरात सगळ्यांसमोर होता.

कोव्हॅक्सिनचं उलट झालं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनलेल्या या लशीला ३ जानेवारी २०२१ ला मंजुरी मिळाली, तेव्हा ती किती परिणामकारक आहे याचा आकडाच नव्हता. तो आला मार्चमध्ये, पत्रकातून. एकूण ४३ रुग्ण, त्यातले ३६ लस न मिळालेले आणि ७ लस मिळालेले, म्हणून ८१ टक्के. परीक्षण होऊन ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला आकडा नोव्हेंबरमध्ये आला, ७७.८ टक्के. लस चांगली होती. मधले महिने लोकांच्या मनात जी शंका राहिली, ती टाळता आली असती.

तेव्हा ‘शास्त्रज्ञांनी शोधून काढलं’ असा मथळा दिसला, की आधी बातमीच्या शेवटच्या परिच्छेदावर जा. तिथे नियतकालिकाचं नाव आहे का, प्रीप्रिंट लिहिलंय का, की नुसतं ‘पत्रकार परिषदेत सांगण्यात आलं’ एवढंच आहे? आकडे कुठेच नसतील, तर ती बातमी घरच्या ग्रुपवर ढकलू नका. आणि तुम्ही वार्ताहर असाल, तर उठून एक प्रश्न जरूर विचारा: हे तुमच्याखेरीज आणखी कोणी तपासलंय?